‘जी’ घराणं: शिवणकाम करणाऱ्या बाई, एक विकर आणि एकशे पाच वर्षं

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावी, शिवणकामावर पोट भरणाऱ्या एका बाईंची ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांशी गाठ पडली. बाई उदास दिसत होत्या. वॉर्थिन यांनी कारण विचारलं. त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: आज मी धडधाकट आहे, पण फार जगायची नाही. आमच्याकडे सगळे कॅन्सरनेच जातात, कुणी पोटाच्या, कुणी पिशवीच्या. मीही तशीच जाणार.

त्या तशाच गेल्या. कमी वयात, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरने.

‘आमच्या घरात ते आहेच हो’ हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरला नवीन नाही. ऐकणारा मान डोलावतो, केसपेपरवर एक ओळ खरडतो, तेवढ्यात पुढचा पेशंट आत येतो. वॉर्थिन मात्र हटून बसले. ते तेव्हा तिशीच्याही आतले होते. विकृतिशास्त्र हा त्यांचा विषय, म्हणजे शरीरातून काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करायचं काम. मेंडेलचे वाटाण्याचे प्रयोग जगाला पुन्हा सापडायला अजून पाच वर्षं होती. आनुवंशिकता मोजायची कशी हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. वॉर्थिन यांनी साधा मार्ग धरला: बाईंच्या नातेवाइकांची नावं लिहून घ्यायची, कोण कशाने गेलं ते विचारायचं आणि जमेल तिथे गाठीचा तुकडा स्वतः तपासायचा.

१९१३ मध्ये त्यांनी हे छापलं. घराण्याला नाव दिलं नुसतं ‘जी’. मूळ पुरुष जर्मनीहून येऊन अ‍ॅन आर्बरच्या आसपास स्थायिक झालेला आणि स्वतः कॅन्सरनेच गेलेला. त्याच्या ४८ वंशजांपैकी १७ जणांना कॅन्सर झालेला, बहुतेक गर्भाशयाचे आणि जठराचे. म्हणजे बाईंनी जे दोन अवयव सांगितले होते, नेमके तेच.

इथे वॉर्थिन यांच्याबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांचं कौतुक करताना ती सहसा गाळली जाते. ते सुप्रजननवादी होते. काही कुळं मुळातच कमअस्सल असतात, त्यांनी वंश वाढवू नये, या पंथाचे. म्हणजे ज्या माणसाने या घराण्याचं म्हणणं सर्वांत आधी मनावर घेतलं, तोच त्या घराण्याकडे कमकुवत बियाणं म्हणूनही पाहत होता. निरीक्षण अचूक असलं की निष्कर्षही शहाणा असेलच, असं नसतं. पुढे जर्मनीत या विचाराचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्या धक्क्याने दुसऱ्या महायुद्धानंतर ‘कॅन्सर आणि कुळ’ हा विषयच डॉक्टरांना नकोसा झाला असेल, तर नवल नाही. शिवाय तोवर काजळी, तंबाखू, किरणं, विषाणू अशी बाहेरची कारणं एकेक करून सापडत होती. घरात चारपाच कॅन्सर निघाले तर तो योगायोग, असं शिकवलं जाई.

हा योगायोग मान्य नसलेला माणूस भेटला तो नेब्रास्कात. हेन्री लिंच. शाळा अर्धवट सोडलेला, नौदलात गेलेला, काही काळ पैशांसाठी मुष्टियुद्ध खेळलेला आणि मग डॉक्टर झालेला गृहस्थ. १९६२ च्या सुमाराला ओमाहातल्या रुग्णालयात दारूच्या व्यसनाचा एक रुग्ण त्यांच्यासमोर आला. दारू का पितोस, तर म्हणाला, आमच्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार, मग प्यायलो तर बिघडलं काय? सदुसष्ट वर्षांनी, वेगळ्या राज्यात, वेगळ्या घरातल्या माणसाच्या तोंडून तेच वाक्य.

लिंच यांनी त्या घराण्याचा तक्ता मांडला, मिशिगनमधलं तसंच आणखी एक घराणं जोडीला घेऊन १९६६ मध्ये लेख प्रसिद्ध केला. संशोधनासाठी सरकारी पैसा मागितला तर नकार मिळाला. पण मिशिगन विद्यापीठात वॉर्थिन यांच्या खुर्चीवर पुढे आलेले जेम्स फ्रेंच यांनी ‘जी’ घराण्याची जपून ठेवलेली सगळी कागदपत्रं त्यांच्या हवाली केली. लिंच आणि समाजसेविका अ‍ॅन क्रश यांनी वंशजांना शोधून काढलं, मृत्यूचे दाखले मिळवले, आणि १९७१ मध्ये ‘जी’ घराण्याचा पाऊण शतकाचा हिशोब मांडला.

त्या हिशोबात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. पहिली: बाधित आई किंवा बापाच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना रोग होत होता, मुलगा असो की मुलगी. हे एकाच बिघडलेल्या जनुकाचं लक्षण. दुसरी मला जास्त विचार करायला लावते. जुन्या पिढ्यांत जठराचे कॅन्सर भरपूर होते. नव्या पिढ्यांत ते विरळ होत गेले आणि मोठ्या आतड्याचे वाढले. जनुक तेच, रक्त तेच, पण कॅन्सरने जागा बदलली. त्याच काळात सगळ्या अमेरिकेतच जठराचा कॅन्सर झपाट्याने घटत होता. घरोघरी फ्रीज आले, खारवलेलं मांस कमी झालं, जठरातल्या जिवाणूंचा संसर्ग कमी झाला. ‘जी’ घराणं देशाबरोबरच बदललं. जनुकात लिहिलंय म्हणजे ब्रह्मलिखित, असं मानणाऱ्यांनी हा तक्ता एकदा तरी पाहावा.

मग ते जनुक कोणतं? उत्तर माणसांवर काम करणाऱ्यांकडे नव्हतंच. ते जिवाणू आणि यीस्ट घेऊन बसलेल्या लोकांकडे होतं आणि त्यांनाही आपल्याकडे काय आहे याची बराच काळ कल्पना नव्हती.

पेशी विभागली जाण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते. डीएनए म्हणजे ‘ए’, ‘टी’, ‘जी’, ‘सी’ या चार रासायनिक अक्षरांचे समोरासमोर जुळणारे दोन धागे: ‘ए’ समोर ‘टी’, ‘जी’ समोर ‘सी’. माणसाच्या पेशीत सुमारे ६०० कोटी अक्षरं. नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, डीएनए पॉलिमरेज. छापखान्यात खिळे जुळवणारा कसबी कामगार म्हणा. तो स्वतःची चूक लागलीच पाहून सुधारतोही, तरी कोटभर अक्षरांमागे साधारण एक चूक शिल्लक राहते. म्हणजे दर विभाजनाला शेकड्यांनी. एवढ्या चुका घेऊन कुठलंही शरीर साठ-सत्तर वर्षं टिकणार नाही. म्हणून मागून मुद्रितशोधकांची एक टोळी फिरते आणि चुका आणखी शंभर ते हजार पटींनी कमी करते. या कामाला विजोड-दुरुस्ती म्हणू: समोरासमोर न जुळणारी दोन अक्षरं आली की ती हेरायची, चुकीचा तुकडा काढायचा, बरोबर तुकडा भरायचा.

यातली खरी अडचण चूक सापडण्याची नाही. चूक कुणाची हे ठरवण्याची आहे. एका धाग्यावर ‘जी’ आणि समोर ‘टी’ अशी विजोड जोडी दिसली. दोन्ही अक्षरं आपापल्या जागी चांगलीच आहेत. मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती? उलटा निर्णय झाला तर मूळ मजकूरच खोडला जाईल आणि चूक कायमची होईल. ई. कोलाय या जिवाणूत याची युक्ती सुरेख आहे. जुन्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के असतात, ताज्या धाग्यावर ते उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात बिनशिक्क्याचा धागा म्हणजे नक्कल, हे ओळखून त्यालाच कापायचं. ड्यूक विद्यापीठात पॉल मॉड्रिच यांनी ही यंत्रणा वर्षानुवर्षं सुटी केली आणि १९८९ मध्ये शुद्ध केलेली प्रथिनं परीक्षानळीत एकत्र घालून सगळी दुरुस्ती घडवून दाखवली. या कामासाठी त्यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, डीएनए-दुरुस्तीच्या इतर रीती उलगडणाऱ्या टोमास लिंडाल आणि अझीझ सान्जार यांच्यासोबत.

माणसात असे शिक्के नाहीत. ताज्या धाग्यात राहिलेल्या फटी आणि नकलेच्या वेळी धाग्याभोवती बसलेलं एक कडं यांवरून नक्कल ओळखली जाते. पण टोळीची रचना तशीच. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनांची जोडी (ती बनवणाऱ्या जनुकांची नावंही हीच) धाग्यावरून सरकत विजोड जागा चाचपते. ती सापडली की एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी येऊन नव्या धाग्याला छेद देते. ही जोडी स्वतःच कात्री आहे, हे २००६ मध्ये मॉड्रिच यांच्या प्रयोगशाळेतच कळलं. मग एक विकर चुकीचा पट्टा कुरतडत नेतं, पॉलिमरेज पोकळी भरतं, लायगेज टाका घालतं.

एमएसएच२ ची एक खासियत पुढे कामाला येईल. त्याची दोन लग्नं आहेत. एमएसएच६ सोबत ते एकदोन अक्षरांच्या चुका पाहतं, एमएसएच३ सोबत मोठे फुगवटे. एमएसएच६ गेलं तर निदान दुसरा संसार थोडंफार काम चालवतो. एमएसएच२ गेलं की दोन्ही चुली विझतात.

आता चुकांचा एक खास प्रकार. रामनाम लिहायची वही आठवा. ‘राम राम राम’ असं एका दमात सव्वीस वेळा लिहायला सांगितलं तर हात चालत राहतो आणि मोजणी घसरते. पंचवीस होतात नाहीतर सत्तावीस. पॉलिमरेजचंही असंच होतं. आपल्या डीएनएत हजारो ठिकाणी एकदोन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात, तिथे ते घसरतं. दुरुस्तीची टोळी जागेवर असेल तर ही घसरण दिसतच नाही. १९९३ मध्ये आतड्याच्या काही गाठींत संशोधकांना या पुनरावृत्तीच्या जागा वेड्यावाकड्या लांबीच्या झालेल्या आढळल्या. कर्करोगवाल्यांना हे कोडं वाटलं. यीस्टवाल्यांना वाटलं नाही. थॉमस पीट्स, मायकेल लिस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवलं की यीस्टमधली विजोड-दुरुस्ती मोडली की नेमकी हीच गत होते, आणि मानवी गाठींतही हेच बिघडलेलं असावं, असं लिहून टाकलं. ब्रेडच्या पिठातल्या बुरशीवरून माणसाच्या आतड्याबद्दल केलेला हा तर्क काही महिन्यांतच खरा ठरला. डिसेंबर १९९३ मध्ये दोन गटांनी, एकीकडे फिशेल आणि कोलोडनर, दुसरीकडे फोगेलस्टाइन आणि द ला शापेल यांच्या गटांनी, अशा घराण्यांत बिघडलेलं जनुक एमएसएच२ असल्याचं जाहीर केलं. एमएलएच१ पुढच्या वर्षी सापडलं.

‘जी’ घराण्यातला दोष मात्र लगेच हाती लागला नाही. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. धड प्रतीच्या आवाजात बिघडलेल्या प्रतीचा आवाज बुडून जातो. २००० मध्ये यावर एक तोडगा निघाला: माणसाची पेशी उंदराच्या पेशीत मिसळायची आणि ज्या मिश्र पेशीत त्या गुणसूत्राची एकच प्रत उरली असेल ती वेगळी काढून वाचायची. तेव्हा ‘जी’ घराण्याचं अक्षर दिसलं. एमएसएच२ च्या चौथ्या खंडाच्या तोंडाशी, जिथे जनुकाचा मजकूर कापून जोडला जातो त्या सीमेवर, ‘टी’ च्या जागी ‘जी’. घराण्याला नाव पडलं तेही ‘जी’. हा निव्वळ योगायोग, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

एक अक्षर. १८९५ पासून १०५ वर्षं.

आता एक शंका वाचकाला येईलच, मलाही आली होती. या लोकांच्या प्रत्येक पेशीत दोष आहे, मग लहानपणापासून सगळीकडे कॅन्सर का नाही? कारण दुसरी प्रत शाबूत असते आणि तेवढ्यावर दुरुस्ती व्यवस्थित चालते. वर्षानुवर्षं विभागत राहिलेल्या एखाद्या पेशीत तीही प्रत गेली, की त्या एका पेशीच्या वंशात चुकांचा पूर येतो. आतड्यात एक जनुक पेशीला ‘आता पुरे, वाढू नकोस’ हा हुकूम ऐकू आणणारा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे पेशीचा जणू कान, बनवतं. त्यात ‘ए’ हे अक्षर ओळीने दहा वेळा येतं, रामनामाच्या वहीसारखं. तिथे एक अक्षर घसरलं की पुढचा सगळा मजकूर बिघडतो, पेशी बहिरी होते आणि वाढत सुटते. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं, त्यामुळे घसरायला संधीही तिथे भरपूर. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला. तरी हेच अवयव का आणि रक्त किंवा त्वचा इतकी का नाही, याचं समाधानकारक उत्तर एवढ्याने मिळत नाही.

आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर मात्र बालपणातच मेंदूच्या गाठी, रक्ताचे कॅन्सर, आतड्याचे कॅन्सर होतात. हे अत्यंत दुर्मीळ. पण जिथे मामेबहीण-आतेभाऊ लग्नं रूढ आहेत, आणि महाराष्ट्रात काही समाजांत ती आहेत, तिथे घरात असा दोष असेल तर ही शक्यता वाढते.

रोगाचं नाव आज लिंच सिंड्रोम. पाश्चात्त्य नोंदणींवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे सुमारे २८० जणांत एकाकडे या दुरुस्ती-जनुकांपैकी एखादं बिघडलेलं असतं, बहुतेकांना ते माहीतही नसतं. एमएसएच२ बिघडलेल्या स्त्रीला आयुष्यभरात गर्भाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता जवळपास निम्मी.

पण आधी कळलं तर करता बरंच येतं. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतल्या लोकांवर १५ वर्षं नजर ठेवली. दर तीन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याचे कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या कॅन्सरने त्यांच्यातलं कुणी दगावलं नाही, न तपासणाऱ्यांतले नऊ जण गेले. आता तपासणी वर्ष-दोन वर्षांनी करायला सांगतात. ‘जी’ घराण्याच्या ९२९ वंशजांचा हिशोब २००५ मध्ये पुन्हा मांडला गेला तोवर रक्ताची चाचणी हाताशी होती. अशा चाचणीत ज्यांच्याकडे ते अक्षर नाही असं निघतं, त्यांचा धोका चारचौघांइतकाच, त्यांच्या मुलांबाळांनाही कसली धास्ती नाही. शंभर वर्षं ज्या घरात प्रत्येक जण स्वतःला शापित समजत आला, त्या घरातल्या निम्म्या लोकांना खरं तर काहीच झालेलं नव्हतं.

औषधाचीही एक गंमत आहे. दुरुस्ती मोडलेल्या गाठीत इतक्या चुका साचतात की ती शरीराच्या संरक्षक पेशींना परकी दिसू लागते. गाठ त्या पेशींना झोपवून ठेवते. त्यांना जागं करणारी औषधं अशा गाठींवर चांगली चालली. मे २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी मिळाली ती अवयव न पाहता, फक्त दुरुस्ती मोडलेली आहे एवढ्या खुणेवर. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशाच गुदाशयाच्या गाठी असलेल्या पहिल्या १२ रुग्णांना दुसरं एक औषध, डोस्टार्लिमॅब, दिलं आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार न करता. रुग्ण थोडे आहेत, हे विसरायचं नाही. पण जो दोष गाठ घडवतो तोच तिची चुगली करतो, हे तर्काला धरून आहे.

मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी वेगळा सल्ला मिळतो, तपासण्या होतात. अडतं ते त्याआधीच्या पायरीवर. आपल्या घरांतल्या वंशावळी काढून पाहा: खापरपणजोबांपासून पुरुषांची नावं ओळीने, मुलींची नावं नाहीत, सुनांची माहेरं नाहीत. ‘घरात कुणाला कॅन्सर?’ या प्रश्नाला बाई सासरच्यांचा आठव करून ‘नाही’ म्हणते. आत्याचं आडनाव बदललेलं, मावशीचं तर पहिल्यापासून वेगळं, आणि आजी ‘पोटाच्या दुखण्याने’ गेली एवढंच ठाऊक. अशा वंशावळीत ‘जी’ घराणं दिसलंच नसतं. गर्भाशयाचे कॅन्सर ज्या फांद्यांवर होते त्या कागदावर आल्याच नसत्या. विचारायचं ते असं: आईकडचे कोण, वडिलांकडचे कोण, कोणत्या अवयवाचा, आणि कितव्या वर्षी.

ही खबरदारी तज्ज्ञांनाही सहज जमलेली नाही. अशी घराणी ओळखण्यासाठी १९९० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला काही निकष ठरले: तीन बाधित नातेवाईक, दोन पिढ्या, निदान एक जण पन्नाशीच्या आतला. पण मोजायचे फक्त मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे कॅन्सर. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये छापलेलं ‘जी’ घराणं त्या निकषात बसणं अवघडच होतं. १९९९ मध्ये यादी वाढवली, गर्भाशय आत आलं, लहान आतडं आणि मूत्रवाहिनीही आली. बाईंनी सांगितलेल्या दोन अवयवांपैकी एक एकशे चार वर्षांनी मान्य झाला. जठर त्या यादीतही नाही.